ई-पीक पाहणी ॲप: सोलापूरच्या रानात पाचपैकी साडेतीन गुण

सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे रानाचं हजेरीपत्रक. पीक कोणतं, किती क्षेत्रावर, पाणी कुठलं, पड किती, हे सगळं त्यात येतं. 15 ऑगस्ट 2021 पासून ही हजेरी राज्यभर शेतकऱ्यानंच मोबाइलवर, 'ई-पीक पाहणी' ॲपमधून लावायची आहे. विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी यांसाठी लोक ॲप उघडतात आणि तेवढ्यापुरतं ते बरं चालतं. जमिनीच्या आणि पाण्याच्या नियोजनाला मात्र हीच नोंद वापरायची, तर सोलापूर जिल्ह्यात ती बऱ्याच ठिकाणी लंगडी पडते.

भरणं तसं सोपं आहे. खातेदार, खाते क्रमांक, गट, हंगाम निवडायचा आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये टाकायचं. घोटाळा इथंच होतो. दीड एकराला सवयीनं 1.50 टाकलं की नोंद दीड हेक्टरची, म्हणजे जवळजवळ पावणेचार एकरांची होते. बरोबर आकडा 0.60. फोटो रानातूनच काढायचा. नव्या आवृत्तीत गटापासून 50 मीटरच्या आत उभं राहावं लागतं, म्हणून दाट झाडाखाली थांबू नका, उघड्यावर या आणि जीपीएस स्थिर होऊ द्या. चूक झाली तर दुरुस्तीला 48 तास मिळतात.

आता खरिपाचं बघा. मंगळवेढ्याच्या काळ्या, भारी रानात मालदांडी ज्वारी घ्यायची तर खरिपात रान मोकळं ठेवतात. कुळवाच्या पाळ्या देऊन पावसाळ्याची ओल धरतात आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढतात. बाऱ्यावर हे रान 'चालू पड' दिसतं, आणि पाण्याअभावी सोडून दिलेलं रानही तसंच दिसतं. कागदावर दोन्ही सारखीच ओसाड. पण एका रानात ज्वारीची पूर्वतयारी चालू आहे आणि दुसऱ्यात शेती थांबली आहे. ही पड नोंदवायचा कंटाळा करू नका. रब्बीची नोंदही न चुकता करा, म्हणजे दोन्ही हंगाम एकत्र वाचणाऱ्याला ती पड कशासाठी होती ते कळेल.

मिश्र पिकाचंही तसंच. हरभऱ्याच्या 6 ओळींमागे करडईच्या 3 ओळी असतील, तर एक हेक्टरात हरभरा 0.67 आणि करडई 0.33 भरायची. लोक सरळ 'निर्भेळ' निवडून हरभरा टाकून मोकळे होतात. करडई रानात उभी असते, पण कागदावर नसते. मग करडई संपली म्हणून गळा काढायला आपणच पुढे!

सगळ्यात नाजूक रकाना सिंचनाचा. उजनीच्या कालव्याखालच्या उसाला बहुतेक जण 'कालवा' लावतात. आवर्तन लांबलं की तोच ऊस बोअरवर जगतो, तरी नोंद कालव्याचीच राहते. आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात असतो, त्यामुळे उपसा किती झाला हे एका हंगामाच्या नोंदीत मावतच नाही. उन्हाळी हंगामाची नोंद वेगळी करा आणि तेव्हा जे पाणी चालू असेल तेच लिहा. 'ठिबक'सुद्धा नळ्या अंथरल्या आहेत म्हणून लावू नका. पाणी सरीतून मोकाट सोडत असाल तर तेच भरा. ॲप विहीर की बोअर एवढंच विचारतं, खोली विचारत नाही. 2009 च्या भूजल कायद्याचा रोख 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर असताना ही उणीव खटकते. सिंचनाची नोंद हलक्यात घेण्यासारखी नाही. कमाल जमीन धारणा कायद्यात बारमाही बागायतीला 18 एकर आणि जिरायतीला 54 एकर अशी मर्यादा आहे, म्हणजे जमिनीचा हिशेब पाण्यावरूनच होतो.

बांधावरच्या झाडांची नोंद ही ॲपमधली सगळ्यात चांगली सोय, आणि सगळ्यात दुर्लक्षित. कडुनिंब, बोर, बाभूळ मोजून टाकायला पाच मिनिटं लागतात.

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर रेंगाळतो, म्हणून ज्वारी गुडघ्याला लागली की फोटो काढून घ्या. रेंज नसेल तर माहिती भरून ठेवा, पण घरी आल्यावर अपलोड करायला विसरू नका. नंतर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि पीक, क्षेत्र, पाणी हे तिन्ही रकाने बोट ठेवून वाचा.