‘ट्रेन्ड (प्रशिक्षित) नर्स’च्या नावाखाली कोणालाही पाठवतात

मिस्टरांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नाकात नळी ठेवून डिस्चार्ज मिळाला. घरात आम्ही दोघंच. वॉर्डातल्या मावशींनी घरी नर्स पाठवणाऱ्या एका ब्युरोचं कार्ड दिलं. प्रत्येक पेशंटमागे त्यांना कमिशन मिळतं, हे मागाहून कळलं.

ब्युरोवाला फोनवर साखर पेरत होता. “ताई, तुम्ही नुसतं काकांजवळ बसा, बाकी आमच्यावर सोडा.” नोंदणी फी वेगळी, महिन्याचे पैसे आगाऊ, आणि तेही ब्युरोच्या खात्यावर नाही, कुठल्याशा बाईच्या जीपेवर. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला.

आलेली मुलगी जेमतेम विशीची. मिस्टर सपाट झोपलेले, तशातच तिने सिरिंज लावून पेज दाबायला सुरुवात केली. त्यांना जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले. मी धावत जाऊन त्यांना उठवून बसवलं. नळीतून भरवताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच लागते, नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न फुफ्फुसात जायची भीती. सिरिंज वर धरून पेज आपोआप उतरू द्यायची, रेटायची नाही. हे मला वॉर्डातल्या सिस्टरने शिकवलं होतं. ‘जीएनएम’, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, म्हणून पाठवलेल्या या नर्सला नळी कशाशी खातात हेही माहीत नव्हतं.

पोरगी रडायलाच लागली. तिला सांगितलं होतं, म्हाताऱ्या माणसाची सोबत करायची. माझ्याकडून घेतलेल्या पैशांतले निम्मेसुद्धा तिला मिळणार नव्हते. तिच्यावर माझा राग नाही. सर्टिफिकेटचा जो फोटो मला पाठवला होता, त्यावरचं नाव भलत्याच बाईचं.

मग “उद्या दुसरी पाठवतो”, मग “अ‍ॅग्रीमेंट वाचा, रिफंड नाही”, मग नंबर ब्लॉक.

नर्स म्हणून दर लावत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागा आणि नाव आधार कार्डाशी ताडून बघा. आया पाठवणार असतील तर आयाचाच दर द्या. आठवड्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. पहिलं भरवणं समोर उभं राहून करून घ्या.

पुण्यात असाल आणि पेशंट कॅन्सरचा असेल तर आधी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी) सेंटरला विचारा. १९९७ पासून चालू आहे, पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस पेशंटसोबत राहू शकतं. मला हे ब्युरोच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

ऑनलाइन पैसे गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर “हा व्यवहारातला वाद आहे” म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ब्युरोने अजून उत्तर दिलेलं नाही. जाहिरात मात्र नव्या नंबरने चालूच आहे.