सोळा लिटरचा पंप आणि त्याची लाल टोपी

गेल्या जूनमध्ये धुळ्याच्या एका कृषी सेवा केंद्रातून बॅटरीवरचा फवारणी पंप घेतला. सोळा लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी. २,७०० सांगितले, घासाघीस करून २,५५० ला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते नाव नक्की कोणाचं, हेच मला अजून नीट कळलेलं नाही.

अमळनेर तालुक्यात आमची चार एकर कपाशी. एकराला दहा पंप, म्हणजे दहा टाक्या, लागतात. जुन्या हातपंपाचा दांडा मारून आमचा सालदार गोकुळ याचा खांदा रात्री भरून यायचा. ते दुखणं या पंपाने संपवलं, हे आधी कबूल करतो. फवारा बारीक आणि सारखा पडतो, पानाच्या मागचे तुडतुडे सापडतात. मावा तर पहिल्या फवारणीतच आटोक्यात आला.

आता तक्रारी. सुरुवातीला एका चार्जिंगवर पंधरा पंप निघायचे, पोळ्यापर्यंत नऊवर आलं. झाकणाचं वायसर इतकं पातळ, की वाकलं की औषध पाठीवर गळतं. ही किरकोळ गोष्ट नव्हे, पाठीवर विष गळतंय. गोकुळने सायकलची ट्यूब कापून वायसर बसवलं, ते अजून टिकून आहे. कंपनीचं महिनाभर टिकलं नव्हतं.

सप्टेंबरात मोटर अडली म्हणून बूड उघडलं. बाहेर झेंड्याच्या रंगांचं स्टिकर, शेतकऱ्याचं हसरं चित्र, देशी नाव. आत मोटरवर बारीक अक्षरांत ताईझोऊ, झेजियांग, म्हणजे चीनमधलं शहर आणि त्याचा प्रांत. गोकुळ म्हणे, "आप्पा, हाऊ पंप आपला शे का चायनाना?"

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. असा प्रश्न आल्यावर मी मोटर सोडून बोलत बसणार, हे घरातल्यांना ठाऊक आहे.

चीनमध्ये सुधारणा १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाल्या, हे पोरं पाठ करून लिहायची. पण खाजगी धंदा त्या दिवशी कायदेशीर झाला नाही. घरगुती धंद्याला सातपर्यंत नोकर चालत. आठवा ठेवला की मालक भांडवलदार. हा आकडा मार्क्सच्या एका उदाहरणातून काढलेला. वूहू शहरात न्यान ग्वांगज्यू नावाचा माणूस भाजलेल्या बिया विकायचा, 'वेड्याच्या बिया' हेच त्याच्या मालाचं नाव. त्याच्याकडे नोकर वाढले आणि प्रकरण थेट चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांच्यापर्यंत गेलं. १९८४ मध्ये डेंग यांनी त्याला हात लावू नका म्हटलं. वरून अभय मिळायच्या दोन वर्षं आधी, झेजियांगमधल्याच वेन्झोऊकडे, ल्यूशी गावात, 'आठ राजां'वर, म्हणजे आठ बड्या खाजगी धंदेवाल्यांवर, कारवाई झाली होती. कोणी स्क्रूचा राजा, कोणी कॉइलचा, कोणी जुन्या मालाचा. कोणी तुरुंगात गेलं, कोणी गाव सोडून पळालं. १९८४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं.

अशा हवेत शहाणा कारखानदार काय करणार? गावाच्या सामूहिक उद्योगाच्या नावावर नोंदणी करायची, वर्षाला व्यवस्थापन फी भरायची, आणि धंदा आपलाच चालवायचा. याला ते 'लाल टोपी घालणं' म्हणत. १९८८ मध्ये राज्यघटनेत खाजगी उद्योगाला जागा मिळाली, १९९२ च्या सुरुवातीला डेंग यांचा सुधारणांना बळ देणारा दक्षिण चीनचा दौरा झाला, मग टोप्या हळूहळू उतरायला लागल्या. काहींची टोपी उतरवताना कारखाना नक्की कोणाचा यावर कज्जे झाले. त्याच ताईझोऊतल्या ली शूफू यांनी १९८६ मध्ये फ्रिजचे सुटे भाग करायला घेतले आणि २०१० मध्ये त्यांच्या जीली या मोटार कंपनीने फोर्डकडून व्होल्वो कार कंपनी विकत घेतली. (कार हं, जळगावहून रात्री पुण्याला जाते ती बस वेगळ्या कंपनीची.)

आमच्या पंपानेही टोपीच घातलेली, फक्त त्यांना भीती सरकारची होती, इथल्या स्टिकरवाल्याला गिऱ्हाइकाची. 'चायना माल' म्हटलं की आपण नाक मुरडतो, मग वर देशी स्टिकर. माझं भांडण मोटर चीनची असण्याशी नाही. मोटर चांगली आहे, धागा अडकला होता, काढल्यावर पुन्हा सुरू झाली. बॅटरी, वायसर आणि चार्जरमध्ये कोणी काटकसर केली, ते मला खोक्यावर वाचायला मिळायला हवं होतं.

चार्जर दिवाळीआधी गेला. दुकानदार भांडला नाही, बिल बघून लगेच बदलून दिला, त्याचा एक गुण जास्त. घेणाऱ्यांनी बिल जपून ठेवा, वायसर दोन जादा मागून घ्या, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

नव्या चार्जरवर तिसऱ्याच कंपनीचं नाव आहे. गोकुळने ते नखाने खरवडून पाहिलं, अजून निघालं नाही.