गुडघे फाटलेल्या पँट टाकू नका, आधी या काकांना दाखवा

माझा मुलगा दुसरीत आहे आणि तो चालत असा कुठे जातच नाही, घसरत जातो. त्यामुळे आमच्याकडे पँटची कंबर ठीक, चेन ठीक, आणि गुडघे गेलेले, अशी परिस्थिती दर तीन महिन्यांनी येते.

आधी मी शहाणपणा करून ऑनलाइन इस्त्रीने चिकटवायचे पॅच मागवले, रॉकेट आणि डायनासोर. दोन धुण्यांत रॉकेटची शेपटी सुटली आणि तिसऱ्या धुण्यात डायनासोर मोज्यात सापडला. त्याचा गोंद गरम झाला की धरतो खरा, पण गुडघा दिवसभर वाकत असतो ना, मग कोपऱ्यातून उचकटायला लागतो आणि एकदा कोपरा सुटला की पोरं ते खरवडत बसतात. पैसे वाया.

मग कोथरूडला आमच्या मागच्या गल्लीतल्या अल्टरवाल्या काकांकडे गेले. दुकान म्हणजे एक शटर, पिको-फॉलची पाटी, आत दोन मशीन आणि ओव्हरलॉकवर काकू. मला वाटलं मुलांचं ठिगळकाम म्हटल्यावर नाक मुरडतील. पण काकांनी जीन्स घेतली, उलटी केली, आत हात घातला आणि गुडघा ट्यूबलाइटकडे धरला. भोक डाव्या गुडघ्याला होतं, पण ते बघत होते उजवा. म्हणाले, "ताई, हा बघा, हा पण गेलाच." जीन्समध्ये उभे धागे निळे असतात आणि आडवे पांढरे, घासून निळे तुटले की पांढऱ्यांची नुसती जाळी उरते, तशी ती उरली होती. या वेळेलाच आणायची म्हणे, भोक पडेपर्यंत थांबायचं नाही, कारण मग आजूबाजूचं कापडही टाका धरत नाही.

आता खरी गंमत. लहान मुलाच्या पँटचा पाय इतका अरुंद असतो की मशीनखाली गुडघा सपाट पसरतच नाही. मी घरी एकदा तसाच प्रयत्न केला होता तर पुढचं आणि मागचं कापड एकत्र शिवलं गेलं आणि सकाळी शाळेच्या घाईत पोरगा ओरडतोय की पाय जात नाहीये! काका बाहेरची शिवण उसवतात, आतली नाही, कारण आमच्या जीन्सला आतल्या बाजूला दुहेरी टीप होती आणि ती उसवली तर परत तशी बसत नाही. मग पाय उघडून सपाट करतात, नवीन कापड भोकापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं कापतात, कडा आत दुमडून सोळा नंबरच्या सुईने चारी बाजूंनी टीप, मध्ये आडव्या-उभ्या रेघा, अगदी गोधडीला धावदोरा घालतात तशा, आणि मग शिवण परत बंद. दोन्ही गुडघ्यांचे 140 रुपये घेतले. चार महिने झाले, एक टाका हललेला नाही.

दुसरी पँट खाकी कॉटनची, ती आखूड झालेली. माझी आई वाढत्या अंगाचं शिवायची, खाली चार बोटं माया ठेवून, आणि दर वर्षी एक घडी सोडायची. या रेडिमेडला अर्धा इंच दुमड, सोडणार काय डोंबल? म्हणून रविवार पेठेत कापडगंजात जाऊन लाल चौकडीचा कटपीस आणला आणि खाली त्याची तीन इंच पट्टी लावून घेतली. काकांनी विचारलं होतं, कापड धुतलंय ना? मी म्हटलं हो. धुतलं नव्हतं. पहिल्या धुण्यात लाल रंग खाकीवर उतरला, आता घोट्यापाशी पँट गुलाबी आहे. पट्टीही जराशी आटली आणि तिथे चुण्या आल्या. चूक माझी, त्यांची नाही.

घरात खणाचा एक तुकडा पडला होता, मला तो गुडघ्याला हवा होता, पण काका नाहीच म्हणाले, घासलं की विरेल. त्यांनी तो खिशाच्या तोंडाला पट्टीसारखा लावला. इतका गोड दिसतो की शेजारच्या वहिनींनी लगेच पत्ता मागितला.

तक्रारी पण सांगते. उद्या म्हणजे परवा, आणि परवा म्हणजे फोन करून या. दोऱ्याचा रंग ते स्वतःच ठरवतात, मला पिवळा हवा होता, मिळाला निळा. आणि ताणणारी ट्रॅक पँट देऊ नका, न ताणणाऱ्या कापडाचा पॅच लावला तर त्याच्या कडेनेच ती पुन्हा फाटते, आमची महिन्यातच फाटली. जीन्स, कॉटन, कॉर्डरॉय मात्र डोळे मिटून द्या.

जाताना पँट धुऊन न्या (काकू स्पष्ट बोलतात) आणि कापड पण, खरंच धुऊन. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा आपली पँट ब्लाउजांच्या ढिगाखाली जाते आणि हातात येईपर्यंत पोराचा पाय अजून बोटभर लांब झालेला असतो.