टर्नटेबल डुगडुगतं आणि बोल लागतो हाताला: दोन लग्नसराईनंतरचा अनुभव

केक ठेवून फिरवायचं बारा इंची अ‍ॅल्युमिनियमचं टर्नटेबल आणि क्रीमवर रेघा पाडायचा स्टीलचा दातेरी स्क्रॅपर. साइझ, वजन सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. मला बोलायचंय ते डुगडुगण्याबद्दल.

खानापूरच्या लग्नाचा तीन मजली बटरक्रीम केक होता. फुलं नकोत, मणी नकोत, सगळीकडून नुसत्या आडव्या बारीक रेघा. अशा डिझाइनला झाकायला काही नसतं. खालचा मजला फिरवला, तर रेघा एका बाजूला खोल, समोरच्या बाजूला पुसट. परत क्रीम लावलं, फ्रिजमध्ये घट्ट केलं, पुन्हा तेच. शेवटी केक उतरवून रिकामं ताट फिरवलं आणि कडेच्या वर टूथपिक धरली. अर्धी फेरी ताट टूथपिकला घासायचं, अर्धी फेरी सुटायचं.

फरक मिलिमीटरभराचाच. पण बारा इंची ताटाच्या कडेला एक मिलिमीटरचा झोल असला की दहा इंच उंचीवर केक दीड मिलिमीटरच्या वर पुढेमागे होतो. स्क्रॅपरचे दाते चार मिलिमीटरचे. केकच झुलतोय तर रेघ सारखी पडणार कुठून? हात स्थिर ठेवा, हात स्थिर ठेवा म्हणून शिकवणाऱ्यांनी आधी टेबल तपासायला शिकवावं.

विक्रेत्याला कळवलं. आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग परत करायची मुदत संपली म्हणून उत्तर, आणि वर ‘वापरामुळे झालंय’. खूप संताप आला. अडीच हजार काय झाडाला लागतात?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या मामांकडे नेलं. त्यांनी डायल गेज (बारीक झोल मोजायचं काट्याचं यंत्र) लावून ताट फिरवलं, काटा हलताना मला दाखवला. बेअरिंग बसते ती जागाच सरळ कापलेली नव्हती. म्हणजे दोष पहिल्यापासूनचा! मामांनी ती जागा लेथवर सरळ करून नवी बेअरिंग बसवली. कुरिअरने परत पाठवण्यापेक्षा स्वस्तात काम झालं.

एकच स्टार द्यायचा ठरवलं होतं, पण आता मत बदललंय. खालचं बूड लोखंडी, जड आहे, ओट्यावरून तसूभर सरकत नाही. तीन मजल्यांचं वजन घेऊनही बोटाने फिरतं. वस्तू चांगली, बनवणाऱ्याने शेवटचा हात नीट फिरवला नाही, याचंच वाईट वाटतं.

स्क्रॅपरबद्दल तक्रार नाही. अ‍ॅक्रिलिकचा स्वस्त पडतो, पण उंच केकवर वाकतो. स्टीलचा गरम पाण्यात बुडवून, पुसून फिरवला की रेघेची धार स्वच्छ येते. वरचा क्रीमचा थर दात्यांपेक्षा जाड हवा, नाहीतर खालचा केक दिसतो. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका, दुपारी बटर मऊ पडून रेघा ढासळतात. व्हिप क्रीम जास्त फेटलं असेल तर रेघ फाटते, तिथे कुठलाच स्क्रॅपर कामाचा नाही.

टर्नटेबल घेणार असाल तर पार्सल आल्या दिवशीच टूथपिक धरून बघा, परत करायची मुदत असेपर्यंत. पॅलेट नाइफने उभे फटकारे मारणार असाल, तर एवढा झोल दिसतसुद्धा नाही. त्याला प्लास्टिकचं पुरतं, उगाच पैसे घालू नका.