१४९ रुपयांचं 'द ग्रेट गॅट्सबी': पुस्तकाला पाच स्टार, छपाईला दोन

भाचीला एमएला लागलं म्हणून ऑनलाइन मागवलं, १४९ रुपये, दोन दिवसांत घरी. तिच्या हातात पडायच्या आधी मीच वाचून काढलं, तर हा रिव्ह्यू मामाकडून.

आधी तक्रारी. अक्षर मुंगीएवढं, कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं दिसतं, आणि टीप एकही नाही. म्हणजे गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली, अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, आणि नायक गॅट्सबीचा बराचसा पैसा चोरून दारू विकण्यातूनच आलाय, हे माहीत नसेल तर अर्धी गंमत गेली. स्वस्त का, तर लेखक फिट्झजेराल्ड १९४० ला गेला, आपल्याकडे ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, मग २००१ पासून कुणीही छापतंय. ते ठीक. पण मागच्या कव्हरवर 'अमर प्रेमकहाणी' छापलंय त्याला मात्र भुलू नका.

प्रेम आहे ओ, नाही कुठे म्हणतोय, गॅट्सबीचं डेझीवर, जी आता टॉमची बायको आहे. पण खुद्द गॅट्सबीच एकदा गोष्ट सांगणाऱ्या निकला म्हणतो की डेझीच्या आवाजात पैसा आहे! लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमने तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिलेला, आणि हा निक महिना ८० डॉलर भाड्याच्या घरात राहतो. तोही काही गरीब नाही हां, घरचा हार्डवेअरचा होलसेल धंदा, वर्षभराचा खर्च वडील देणार, तरी तो स्वतःला मधला माणूस समजतो.

खाडीच्या अलीकडे पलीकडे दोन गावं. ईस्ट एगला गर्भश्रीमंत, वेस्ट एगला नवश्रीमंत, बंगले दोन्हीकडे मोठेच. मग फरक काय, तर तो सहाव्या प्रकरणात कळतो, आणि मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात क्रूर प्रसंग हाच, ना अपघात ना खून. टॉम आणि त्याच्या ओळखीतले दोघं घोड्यांवरून गॅट्सबीकडे येतात, त्यातली बाई दोन ग्लास झाल्यावर म्हणते, जेवायला या ना आमच्याकडे. आता आपल्याकडे निघता निघता 'जेवूनच गेला असतात' म्हणतात तेव्हा कुणी परत पाटावर बसत नाही. निकला ते कळतं, तो नको म्हणतो. गॅट्सबीला नाही कळत. घोडा नाही माझ्याकडे, गाडीने मागून येतो म्हणतो, टोपी कोट घेऊन बाहेर येतो तर मंडळी घोडे दामटून पसार! एवढा पैसा कमावला, पण कुठलं आमंत्रण खरं नि कुठलं नुसतं तोंडदेखलं हे शिकवायला घरात कुणी नव्हतं, कारण हा नॉर्थ डकोटातल्या फाटक्या शेतकऱ्याचा पोरगा, जेम्स गॅट्झ. पुढे टॉम त्याच्या गुलाबी सुटावरून पण बोलतोच.

त्याहून खाली मर्टल, गॅरेजवाल्याची बायको, टॉमची बाहेरची. टॉमने घेतलेल्या फ्लॅटमध्ये कपडे बदलले की ही लगेच नोकरांच्या नावाने नाक मुरडायला लागते. नवऱ्याने लग्नात घातलेला सूट दुसऱ्याचा मागून आणलेला होता हे कळलं तेव्हा म्हणे दुपारभर रडली. मला हसू आलं आणि मग लाजही वाटली, कारण असलं मागून आणणं आमच्या घरात पण झालंय.

२०१३ च्या सिनेमात अमिताभ आहे, गॅट्सबीच्या धंद्यातला जुगारी साथीदार मेयर वुल्फशाइम म्हणून, काम छोटंसं. सिनेमा बघून पुस्तक सोडू नका एवढंच, पार्ट्या सिनेमात भारी आहेत पण त्या आटपल्यावर सोमवारी लिंबा-संत्र्यांच्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो ते वाचायचंच.

आता मेन गंमत. गॅट्सबीच्या लायब्ररीत एक चष्मेवाला पाहुणा पुस्तकं चाचपतो आणि थक्क होतो, अरे ही खरी आहेत, पुठ्ठ्याची नाहीत! पण पानं कापलेली नाहीत. पूर्वी पानं कडेला जोडलेली यायची, वाचणाऱ्याने सुरीने कापायची, म्हणजे इथे वाचलेलं काहीच नाही, नुसती मांडून ठेवलीत. तर माझ्या कॉपीत शेवटून दुसऱ्या प्रकरणातली दोन पानं खालून चिकटून आली, कापायची राहिलेली. रिटर्न टाकणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, भाजीच्या सुरीने कापली. थोडं वाकडं गेलंय, एक ओळ गेली. भाचीला सांगितलं नाहीये अजून.