ग्रिप मीटर आणि हँड ग्रिपर : पावसाळाभर वापरल्यावर

सासूबाईंच्या हातातली ताकद कमी झालीय हे पहिल्यांदा कळलं सांडशीमुळे. दुधाचं भरलेलं पातेलं उचलताना पकड मध्येच सैल पडायची. त्यांनी पिळलेला टॉवेल दोरीवर ठिबकत राहायचा. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मोजलं तर उजव्या हाताची पकड १४ किलो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांप्रमाणे बायकांची पकड १८ आणि पुरुषांची २८ किलोच्या खाली गेली की ती कमी धरतात. वयापरत्वे स्नायू झिजण्याच्या या आजाराला सार्कोपेनिया म्हणतात. 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

मूठ दाबण्याच्या व्यायामाचा स्प्रिंगचा ग्रिपर मेनरोडवर घेतला, पकड मोजायचं डिजिटल मीटर ऑनलाइन मागवलं. ग्रिपरबद्दल माझं मत बरं, इतकंच. डायलवर ५ ते ६० आकडे आहेत, पण ५ वर ठेवूनही आईंना तो जड जायचा. शिवाय प्लास्टिकची मूठ घामाने निसटते, म्हणून सुती चिंधी गुंडाळली. सुरुवात स्पंजच्या चेंडूनेच केली आणि हात सरावल्यावर ग्रिपर दिला. दाबताना श्वास रोखायचा नाही, त्याने बीपी चढतं. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर हा प्रकार घेऊच नका.

मीटर मात्र पैसे वसूल. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात, दर वेळी तस्संच मोजायचं. नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. पकडीवरून एकूण प्रकृतीचा अंदाज येतो. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, भारतासह १७ देशांतल्या अभ्यासात पकड दर ५ किलोने कमी असणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला होता.

पण नुसती मूठ दाबून पायात बळ येत नाही, आणि माणूस पडतो तो पायांमुळे! मॅडमचा सगळा भर हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्यावर होता. पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायचं. आई कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने चालतात. चालणं चांगलंच, पण स्नायूंना ताण देणारा व्यायाम वेगळा लागतो.

दुसरं, ताट. रात्री चपाती-दुधावर भागवणाऱ्या बाईला प्रथिनं मिळणार कुठून? उतारवयात वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईंना पन्नासेक ग्रॅम. आता रात्री मटकीची उसळ नाहीतर पनीर, दुपारी दह्याची वाटी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज आकडा १७ आहे. अजून १८ नाही, पण बरणीचं झाकण त्या स्वतः उघडतात. यातलं श्रेय मी ग्रिपरला थोडं आणि खुर्चीला जास्त देते. बजेट एकाच वस्तूचं असेल तर मीटर घ्या, चेंडू कुठेही मिळतो.

आणि एकाच हाताची ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मोजत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, थेट हॉस्पिटल गाठा.