गुहागर : राहण्या-जेवणाच्या घरगुती सोयीविषयी

व्याडेश्वराच्या अभिषेकासाठी गुहागरला येणारी अनेक कुटुंबे हॉटेलपेक्षा घरगुती व्यवस्थेत उतरणे पसंत करतात, आणि गावातील खालचा पाट या भागात ज्या घरी आम्ही राहिलो तेथील पाहुणचार पाहता ही पसंती अगदी योग्य वाटते. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीचे बेडे उघडले की सुरूचे बन ओलांडून थेट समुद्रावर जाता येते. खोल्या साध्या, पण स्वच्छ आहेत.

जेवण ही या घराची खरी श्रीमंती आहे. केळीच्या पानावर वालाचे बिरडे, कच्च्या फणसाची भाजी, आमसुलाचे सार आणि वाफाळता भात वाढून झाला की काकू स्वतः मोदक घेऊन येतात. पारी इतकी पातळ की आतले गुळाचे सारण बाहेरून दिसते, आणि मोदक फोडून त्यात तूप सोडल्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. जेवण पूर्ण शाकाहारी असते, त्यामुळे मासे हवे असल्यास बाहेर जावे लागते.

मात्र फाटकावरील ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’ या पाटीचा अर्थ आधी विचारून घ्यावा. येथे खोलीच्या भाड्यात फक्त सकाळचा चहा धरलेला आहे. नाश्ता आणि जेवण यांचा हिशेब ताटावर होतो, दुपारच्या जेवणाची वर्दी सकाळीच द्यावी लागते आणि मोदक हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगावे लागते. यात गैर काहीच नाही, कारण माणसे मोजूनच नारळ खवला जातो. पण फोनवर खोली ठरवताना हे आपणहून सांगितले जात नाही, आणि शेजारच्या खोलीतील कुटुंबाचा निघताना त्यावरून गैरसमज झाला. हॉटेलांत याच गोष्टीसाठी ठरलेले प्रकार आहेत : ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली व नाश्ता, एमएपीमध्ये नाश्त्यासह एक जेवण आणि एपीमध्ये नाश्त्यासह दोन्ही जेवणे. घरगुती व्यवस्थेला ही आद्याक्षरे नकोत, परंतु भाड्यात काय येते आणि ताटाचा दर किती, एवढे दोन ओळींत लिहून खोलीत लावले, तर इतक्या प्रेमाने वाढणाऱ्या काकूंवर हिशेबाच्या वेळी अवघडण्याचा प्रसंग येणार नाही. आम्ही काकांना तसे सुचवले आहे, आणि पुढच्या अभिषेकालाही उतरणार आहोत ते याच घरी.